होडीचा पंखा बिघडलाय हे कसं ओळखायचं? इंजिन खोलण्याआधी एवढं तपासा

इंजिन जोरात ओरडतंय, पण होडी पुढे सरकत नाही. किंवा होडी चालते, पण पायाखालची फळी थरथरते. असं झालं की बहुतेकांचा हात आधी इंजिनाकडे जातो. प्लग काढला जातो, डिझेलची नळी फुंकली जाते, फिल्टर बदलला जातो. दोन दिवस मोडल्यावर कळतं की दोष पाण्याखाली होता. पंख्यात.

भीमेवरच्या उजनी जलाशयाच्या काठी माढा, करमाळा, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांतली कितीतरी गावं होडीवर अवलंबून आहेत. कुणाची मासेमारी होडीवर, कुणाची पलीकडच्या तीरावरची शेती, कुणाचा बाजार. रस्त्याने मोठा वळसा पडतो, पाण्यातून थोडक्यात भागतं. याच पाण्यात २१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा बुडून मृत्यू झाला. ती दुर्घटना वाऱ्याने झाली. पण त्या दिवसाने एक गोष्ट सगळ्यांना दाखवली की या पाण्यात वारा उठला तर किनारा गाठायला फार वेळ मिळत नाही. अशा वेळी पंख्याने दगा दिला तर होडीचं तोंड लाटेकडे धरता येत नाही. ती आडवी होते आणि लाट बाजूने आत येते. म्हणून पंख्याचा बारीकसा दोषही काठावर असतानाच ओळखला पाहिजे.

पंखा काम कसं करतो

पाण्यातल्या पंख्याला इंग्रजीत प्रोपेलर म्हणतात. मोटारीच्या इंपेलरचाच तो भाऊ समजा. इंपेलर पाणी पाइपात ढकलतो, पंखा पाणी मागे ढकलतो आणि होडी पुढे जाते. मधला गोल भाग म्हणजे हब आणि त्यावर तीन किंवा चार पाती.

पंख्यावर बहुतेक वेळा दोन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ १० × १२. पहिला आकडा व्यास, दुसरा पिच. दोन्ही इंचात. पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात किती पुढे जायला हवा ते अंतर. लाकडात स्क्रू फिरवला की तो एका फेऱ्यात ठराविक अंतर आत जातो, तसंच. पाणी लाकडासारखं घट्ट नसतं, त्यामुळे प्रत्यक्षात होडी कमीच सरकते. या फरकाला स्लिप म्हणतात.

आपल्याकडे दोन प्रकारच्या होड्या दिसतात. एकीच्या मागच्या फळीला आऊटबोर्ड मशीन टांगलेलं असतं. दुसरीत डिझेल इंजिन आत बसवलेलं असतं आणि लांब शाफ्ट तळातून बाहेर पंख्यापर्यंत जातो. आऊटबोर्डच्या पंख्यात ताकद थेट जात नाही. लहान मशीनमध्ये मधे एक मऊ पिन असते, तिला शिअर पिन म्हणतात. मोठ्या मशीनमध्ये हबच्या आत रबराचा बुश असतो. पंखा दगडावर आपटला तर पिन तुटावी किंवा रबर सरकावं आणि आतले गिअर वाचावेत, यासाठी ही सोय आहे. डिझेलच्या शाफ्टवर पंखा बहुतेक चावीने पक्का बसवलेला असतो. तिथे आपट बसली की तिचा मार शाफ्ट, बेअरिंग आणि गिअरबॉक्सपर्यंत जातो.

आधी दोन गोष्टींची सांगड घाला

इंजिनाचे फेरे आणि होडीचा वेग, या दोन गोष्टी एकत्र बघितल्या की निम्मं निदान तिथेच होतं.

१. फेरे वाढले, वेग घटला: पंख्याची पाण्यावरची पकड सुटली आहे. ट्रॅक्टरचा क्लच सरकायला लागला की इंजिन ओरडतं आणि नांगर तिथेच राहतो, तसा हा प्रकार.

२. फेरे घटले, वेगही घटला: पंख्यावर किंवा होडीवर जादा ओझं आहे. इंजिन दबून चालतं, डिझेल असेल तर काळा धूर सोडतं.

३. फेरे ठीक, वेग ठीक, पण थरथर आहे: पंखा, शाफ्ट किंवा बेअरिंग यांपैकी काहीतरी वाकडं, तुटलेलं किंवा झिजलेलं आहे.

फेरे मोजायला मेकॅनिककडे टॅकोमीटर असतो. वेग मोजायला आपला मोबाईल पुरेसा आहे. जीपीएसवर वेग दाखवणारं कुठलंही ॲप चालतं. फक्त एकदा वाऱ्याच्या दिशेने आणि एकदा वाऱ्याविरुद्ध जाऊन दोन्हींची सरासरी काढायची. होडी चांगली असतानाचा हा आकडा वहीत लिहून ठेवला तर पुढे तोच कामाला येतो.

हिशेबही अवघड नाही. समजा इंजिन १,८०० फेऱ्यांवर आहे आणि गिअरबॉक्स दोनास एक आहे. म्हणजे पंखा मिनिटाला ९०० फेरे घेतो. पिच १२ इंच, म्हणजे साधारण ३०.५ सेंटिमीटर. ९०० फेऱ्यांत सुमारे २७५ मीटर, म्हणजे तासाला जवळजवळ १६.५ किलोमीटर व्हायला हवेत. मोबाईल ११ दाखवतो. म्हणजे एक तृतीयांश स्लिप. माणसं भरलेल्या जड, संथ होडीला एवढी स्लिप असू शकते. पण मागच्या महिन्यात तेवढ्याच ओझ्यावर आणि तेवढ्याच फेऱ्यांवर ११ येत होते आणि आज ७ येत असतील, तर पंखा बघायलाच हवा.

इंजिन ओरडतं, होडी हलत नाही

पहिला संशय पिनवर घ्यावा. लहान आऊटबोर्डची शिअर पिन तुटली की गिअर टाकूनही होडीला ओढ राहत नाही. मशीन वर उचलून, नट काढून पंखा बाहेर घेतला की तुटलेली पिन दिसते. नवी पिन त्याच मापाची आणि त्याच धातूची घ्यावी. खिळा किंवा कडक स्टीलचा बोल्ट ठोकून काम भागवू नये. पुढच्या आपटीला तो बोल्ट तुटणार नाही, आतला गिअर तुटेल. पिनच्या किमतीत वाचवलेले पैसे गिअरमध्ये जातात.

दुसरा संशय हबच्या रबरावर. याची खूण अशी की हळू चालवलं तर होडी नीट चालते, रेस वाढवली की इंजिन ओरडतं आणि वेग मात्र तेवढाच राहतो. हाताने फिरवून हा दोष कळत नाही, कारण हाताच्या जोराला रबर धरून राहतं. त्यासाठी सोपी परीक्षा आहे. पंख्याच्या मागच्या बाजूला आतली नळी, रबर आणि बाहेरचा हब यांवरून पक्क्या रंगाची एक सरळ रेघ ओढायची. रंग वाळल्यावर होडी पाण्यात नेऊन काही मिनिटं जोरात चालवायची आणि काठावर येऊन रेघ बघायची. रेघ मोडून दोन तुकडे पुढेमागे गेले असतील तर रबर सरकतंय. असा पंखा हळू चालवत घरापर्यंत आणता येतो, पण त्याच्या भरवशावर प्रवासी नेऊ नयेत.

तिसरा संशय हवेवर. विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह उघडा पडला की मोटार हवा ओढते आणि पाणी तुटतं. पंख्याचंही तसंच आहे. पंखा पाण्याच्या वरच्या थराजवळ आला तर तो हवा ओढतो, इंजिन एकदम सुटल्यासारखं ओरडतं आणि रेस कमी केली की पुन्हा पकडतं. वळताना किंवा लाटेवर हे जास्त होतं. आऊटबोर्डमध्ये पंख्याच्या लगेच वर एक आडवी पट्टी असते. ती साधारण होडीच्या तळाच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. ती बरीच वर असेल तर मशीन उंच बसलं आहे. सगळी माणसं पुढे बसल्यामुळे मागचा भाग उचलला गेला, तरी हेच होतं. तिथे पाना लागत नाही, माणसं नीट वाटून बसवली की दोष जातो.

हे तिन्ही नसेल तर गिअर बघावा. इंजिन बंद करून पुढचा गिअर टाकायचा आणि पंखा दोन्ही दिशांनी हाताने फिरवायचा. निदान एका दिशेला तरी तो अडायला हवा. दोन्हीकडे मोकळा फिरला तर गिअरची केबल सुटली आहे किंवा आतला दात झिजला आहे. ते काम मेकॅनिकचं.

इंजिन दबतं, होडी जड चालते

उजनीसारख्या जलाशयात याचं पहिलं कारण गुंडाळलेलं जाळं किंवा जलपर्णी. जलपर्णीची मुळं शाफ्टभोवती दोरासारखी वळतात. तरी ती डोळ्याला दिसते. नायलॉनचं बारीक जाळं जास्त घातक, कारण ते पंखा आणि गिअरकेस यांच्या मधल्या फटीत शिरतं आणि तिथलं सील कापतं. सील कापलं की पाणी गिअर तेलात जातं. म्हणून जाळं अडकल्यावर नुसतं वरवर कापून भागत नाही. पंखा काढून मागची फट साफ करायची आणि गिअर तेल बघायचं. तेल ताकासारखं पांढुरकं दिसलं तर पाणी शिरलं आहे. तसंच चालवलं तर बेअरिंग आणि गिअर दोन्ही जातात.

दुसरं कारण होडीचं. तळाला शेवाळ चढलं, तळात पाणी साचलं, ओझं जास्त झालं, तरी इंजिन असंच दबतं. त्यामुळे पंख्याला दोष देण्याआधी तळातलं पाणी उपसून आणि होडी रिकामी करून एकदा चालवून बघावी.

तिसरं कारण चुकीचा पंखा. जुना पंखा मोडला म्हणून दुकानात मिळाला तो बसवला, असं सर्रास होतं. पिच जास्त असेल तर इंजिनला ओझं होतं. पिच कमी असेल तर इंजिन गरजेपेक्षा जास्त फिरतं. आऊटबोर्डला पिच एक इंचाने बदलला की पूर्ण रेसवरचे फेरे साधारण १५० ते २०० ने बदलतात. पूर्ण रेसवर इंजिन किती फेऱ्यांत असावं हे मशीनच्या पुस्तकात दिलेलं असतं. बऱ्याच फोर स्ट्रोक आऊटबोर्डना ते ५,००० ते ६,००० असतं. नेहमीच्या ओझ्यासह त्या मर्यादेत बसणारा पंखा तो आपल्या होडीचा पंखा. रिकाम्या होडीचा वेग बघून पंखा घेऊ नये.

होडी थरथरते, आवाज येतो

सगळ्यात आधी न्यूट्रलची परीक्षा. होडी बांधलेली असताना इंजिन न्यूट्रलमध्ये ठेवून रेस द्यायची. थरथर तेव्हाही असेल तर दोष इंजिनात किंवा त्याच्या बैठकीच्या बोल्टात आहे. गिअर टाकल्यावरच येत असेल तर दोष गिअरपासून पंख्यापर्यंतच्या वाटेत आहे.

मग आठवायचं की थरथर कधी सुरू झाली. एका क्षणात सुरू झाली असेल तर पंखा कशावर तरी आपटला किंवा त्यात काही अडकलं. दिवसेंदिवस वाढत गेली असेल तर बेअरिंग झिजतंय किंवा नट, कपलिंग ढिलं होतंय.

काठावर होडी ओढल्यावर पात्यांची तपासणी अशी करायची. पंख्याजवळ एक लाकडी पट्टी पक्की उभी करायची, एका पात्याचं टोक तिच्यापासून किती लांब आहे ते मोजायचं आणि मग पंखा फिरवून प्रत्येक पातं त्याच जागी आणून तेच अंतर मोजायचं. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पातं वाकलं आहे. कडा हाताने चाचपताना जाड हातमोजे घालावेत. आपटलेली कड वस्तऱ्यासारखी कापते. पात्यावर वाळूने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडले असतील तर तेही ध्यानात घ्यावं. खराब कडेमागे पाण्यात बुडबुडे तयार होतात आणि फुटताना धातू खातात. त्याला कॅव्हिटेशन म्हणतात. अशा पात्याची पकड हळूहळू कमी होत जाते.

डिझेल होडीत शाफ्टही बघायचा. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून शाफ्ट हाताने हळू फिरवायचा आणि एका जागेकडे नजर लावायची. तो डोलताना दिसला तर वाकला आहे. पंख्याजवळ शाफ्ट धरून वर-खाली हलवला आणि खडखड आवाज आला तर बेअरिंग गेलं. आत शाफ्ट बाहेर पडतो तिथली ग्लँड दोरी मोटारीच्या ग्लँडसारखीच असते. चालताना तिथून थेंब थेंब पाणी पडणं ठीक. धार लागली तर दोरी संपली. एकदम कोरडी आणि हात लावू नये इतकी गरम असेल तर ती जास्त आवळली गेली आहे आणि शाफ्ट खाते आहे. पंखा वाकला की थरथरीने ग्लँडही सैल होते. त्यामुळे ग्लँड वरचेवर गळत असेल तर नुसती दोरी भरत बसू नये, मागे जाऊन पंखा बघावा.

उन्हाळ्यात जास्त सांभाळा

उजनीचं पाणी मायनसमध्ये गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण जे अजून वर आलेलं नाही, पाण्याखाली हात-दोन हातांवर आहे, ते पंख्याला मारतं. जुन्या गावांच्या भिंती, विहिरींचे कठडे, बांध, झाडांचे बुंधे. पाणी उतरत असताना मागच्या आठवड्याची वाट या आठवड्यात सुरक्षित असेलच असं नाही. जुन्या जाणत्या नावाड्याला विचारून वाट ठरवावी आणि उथळ जागी हळू जावं. पावसाळ्यात उलटं होतं. पाणी वाढतं तसे ओंडके आणि जलपर्णीचे बेट वाहत येतात.

दुरुस्ती की नवा पंखा?

कडेला आलेली बारीक खरड कानशीने साफ करता येते, पण सगळ्या पात्यांवर सारखी. ॲल्युमिनियमचं वाकलेलं पातं थंड असताना हातोडीने ठोकलं तर चीर पडते आणि पुढे पाण्यात तुकडा उडतो. पितळेचं पातं सरळ होऊ शकतं, पण तेही पंख्याचं काम जाणणाऱ्याकडे. वेल्डिंग केल्यावर पंखा तोलून घ्यावाच लागतो, नाहीतर थरथर राहतेच. हबजवळ, पात्याच्या मुळाशी चीर असेल तर तो पंखा वापरू नये. नवा घेतल्यावर जुना बरा असेल तर जपून ठेवावा, अडचणीत घरी आणतो.

भर पाण्यात बंद पडलं तर

आधी माणसं, मग पंखा. सगळ्यांनी जॅकेट घालून खाली बसायचं, कुणी उभं राहायचं नाही. नांगर टाकायचा, शक्यतो पुढच्या टोकाकडून, म्हणजे होडीचं तोंड वाऱ्याकडे राहतं. मागून नांगर टाकला तर लाट मागच्या फळीवरून आत येते. जवळच्या होडीला फोन किंवा खूण करायची.

त्यानंतर इंजिन पूर्ण बंद. किल्ली काढून खिशात, आऊटबोर्डच्या प्लगची वायर काढलेली, मगच पंख्याला हात. न्यूट्रलमध्येही पंखा फिरू शकतो. जाळं अडकलं असेल तर मशीन वर उचलून चाकूने कापावं. शाफ्टच्या होडीत हलक्या रेसवर एक-दोनदा मागचा गिअर टाकून जाळं सुटतं का बघता येतं. नाही सुटलं तर जोर करू नये, वल्ह्याने किंवा दुसऱ्या होडीमागे बांधून काठ गाठावा. वारा असताना जाळं काढायला पाण्यात उडी मारू नये. पोहता येणाराही जाळ्यात अडकतो.

होडीतली पेटी

एका डब्यात एवढं असावं: त्याच मापाच्या दोन-तीन शिअर पिन, स्प्लिट पिन, जादा नट, पंख्याच्या नटाचा पाना, पक्कड, धारदार चाकू, ग्रीस, बॅटरी आणि पंखा फिरू नये म्हणून अडवायला लाकडाचा ठोकळा. शक्य असेल तर जुना पंखा. डब्याबाहेर वल्ही, नांगर, दोर आणि माणशी एक जॅकेट. स्प्लिट पिन दरवेळी नवी घालावी. नट फिरून पंखा पाण्यात पडतो तो बहुतेक याच पिनेच्या हलगर्जीपणाने.

२०२१ च्या केंद्रीय इनलँड व्हेसल्स ॲक्टनुसार यंत्रावर चालणाऱ्या होड्यांची नोंदणी आणि तपासणी करावी लागते. प्रवासी नेणाऱ्याने तो कागद जवळ ठेवावाच. पण कागद ठराविक मुदतीचा असतो, पंखा मात्र रोज पाण्यात जातो. सकाळी पहिली फेरी सुरू करण्याआधी पाच मिनिटं काढून पाती, नट, पिन आणि फटीतलं जाळं बघावं. आणि बसणाऱ्यांनीही, होडी थरथरत असेल किंवा इंजिन ओरडून होडी पुढे जात नसेल, तर नावाड्याला तिथेच, काठ सुटायच्या आत विचारावं.